ऐकलेले लिहावे, लिहिलेले गावे

मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये १९५० आणि १९६० च्या दशकांत एकाच खोलीत दोन तऱ्हेचे वादक बसत. एका बाजूला व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाले. त्यांतले बरेचसे गोव्याचे, आणि प्रत्येकासमोर स्टँडवर कागद. दुसऱ्या बाजूला सारंगी, सतार, बासरी आणि तबला. त्यांच्यापुढे बऱ्याचदा काहीच नसे, नाहीतर भराभर उतरवून घेतलेली सरगम. संगीतकार चाल गाऊन दाखवी आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर ती पाच रेघांवर मांडून वाद्यांना वाटून देत. कागदवाले कधीही न ऐकलेली ओळ पहिल्याच फेरीत बरोबर वाजवत. बिनकागदाचे वादक तीच ओळ एकदा-दोनदा ऐकून उचलत आणि कागदावर न मावणारी मींड किंवा कण तिच्यात आपसूक घालत. दोघांचीही तयारी पक्की होती, पण एकाची डोळ्यांतून झालेली आणि दुसऱ्याची कानांतून.

संगीताच्या विद्यार्थ्याने कान कसा तयार करावा आणि लिहिलेले स्वर पाहून गायला कसे शिकावे, हा प्रश्न जगभरच्या संगीतशाळांत फार जुना आहे. आपल्याकडे तो तुकड्यातुकड्यांनी विचारला जातो. घराण्याच्या तालमीत कानाबद्दल बोलतात, क्लासमध्ये नोटेशनबद्दल, आणि ही दोन वेगळी खाती आहेत असे समजून दोन्हीकडचे शिक्षक आपापले काम करतात. माझ्या मते हे एकाच क्षमतेचे दोन उपयोग आहेत. स्वर गळ्यातून निघण्याआधी मनात ऐकू येणे, ही ती क्षमता. ती असेल तर ऐकलेले लिहिता येते आणि लिहिलेले गाताही येते. ती नसेल तर वही भरते, परीक्षा पास होतात, आणि पेटी मिटली की विद्यार्थ्याला सा सापडत नाही.

कानाला मोजमापाचे साधन मानणारी परंपरा आपल्याकडे दोन हजार वर्षांच्या घरातली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणांचा प्रयोग आहे. दोन्ही अगदी सारख्या जुळवायच्या. एक तशीच ठेवायची आणि दुसरीचे स्वर एकेका श्रुतीने उतरवत जायचे. दुसऱ्या उतरणीला चल वीणेचे गंधार-निषाद अचल वीणेच्या ऋषभ-धैवतांत जाऊन मिळतात, तिसरीला ऋषभ-धैवत हे षड्ज-पंचमांत मिळतात, आणि चौथीला षड्ज, मध्यम आणि पंचम अनुक्रमे निषाद, गंधार आणि मध्यमांत. बावीस श्रुतींचा हिशेब या ‘मिळण्या’वर उभा आहे, आणि स्वर मिळाला की नाही हे ठरवणारे यंत्र म्हणजे ऐकणाऱ्याचा कान. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त स्वरांच्या सगळ्या मांडण्या क्रमाने काढण्याची खंडमेरूची रीत दिली. चार स्वरांच्या २४ मांडण्या होतात, पाचांच्या १२० आणि सातांच्या ५०४०. हा कोरडा गणिती खेळ वाटेल, पण इंदूरचे उस्ताद अमीर खाँ आणि मुंबईचे भेंडीबाजार घराणे यांनी मेरुखंडाचा रियाज म्हणून तो गळ्यात उतरवला. त्याच्याकडे पुन्हा येऊ, कारण आजच्या विद्यार्थ्याला त्यातून मिळण्यासारखे बरेच आहे.

पाहून गाण्याची गोष्ट युरोपात अकराव्या शतकात सुरू होते. इटलीतल्या अरेत्सोच्या ग्विदो या भिक्षूची अडचण साधी होती. चर्चमध्ये गाणारी मुले वर्षानुवर्षे घोकून स्तोत्रे पाठ करत आणि तरीही न ऐकलेले एक स्तोत्र त्यांना गाता येत नसे. ग्विदोने रेघांवर स्वर मांडायची पद्धत पक्की केली, पण त्याहून महत्त्वाचे काम त्याने वेगळेच केले. ज्याची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते असे एक स्तोत्र त्याने निवडले आणि त्या ओळींच्या पहिल्या अक्षरांनाच स्वरांची नावे केली. अनोळखी गाण्यात एखादा स्वर दिसला की मुलाने ओळखीच्या स्तोत्रातली ती ओळ मनात आठवायची आणि तो स्वर इथे आणून ठेवायचा. म्हणजे पाहून गाण्याच्या पहिल्या धड्यातच कानाची स्मृती होती. रेघा नुसत्या आठवण करून देण्यापुरत्या होत्या. पुढच्या हजार वर्षांत लिपीचे भरपूर कौतुक झाले. शिकवण्यातले हे मर्म मात्र वारंवार विसरले गेले आणि वारंवार कुणाला तरी नव्याने मांडावे लागले.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ते नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर आणि त्यांच्यानंतर जॉन कर्वेन यांनी मांडले, आणि विसाव्या शतकात हंगेरीत झोल्तान कोदाई यांनी. या मंडळींचा ‘डो’ चल आहे. गाणे ज्या पट्टीत असेल तिचा पहिला स्वर ‘डो’. फ्रान्स, इटली, पोर्तुगाल या देशांच्या परंपरेत ‘डो’ अचल, म्हणजे पियानोवरची एक ठरलेली पट्टी. दोन्ही बाजूंचे शिक्षक यावर अजून वाद घालतात. अचल पद्धतीत वाद्य वाचायला सोपे जाते, चल पद्धतीत स्वराचा आधाराशी असलेला संबंध कानात बसतो. आपला सा पहिल्यापासून चल आहे. ‘काळी एक’मध्ये गाणाऱ्याचा सा आणि ‘पांढरी पाच’मध्ये गाणाऱ्याचा सा, दोन्ही सा-च. कोदाईंना हंगेरीतल्या शाळांमध्ये जो पाया घालायला आयुष्य वेचावे लागले, तो मराठी विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी मिळतो.

दोन्हीकडची सुरुवातही थक्क व्हावे इतकी जवळची आहे. कोदाई मुलांना आधी पाच स्वरांच्या लोकगीतांवर ठेवत, कारण त्यांत अर्धस्वर येत नाहीत आणि लहान गळा घसरत नाही. ते पाच स्वर म्हणजे सा रे ग प ध, आपला भूप. गावोगावच्या क्लासमध्ये सुरुवातीच्या रागांत भूप असतोच. कर्नाटक परंपरेत मात्र पुरंदरदासांच्या नावाने चालत आलेले सरळी आणि जंट स्वरांचे धडे मायामाळवगौळ रागात, म्हणजे आपल्या भैरवाच्या स्वरांत, दिले जातात. तिथे पहिल्याच आठवड्यात दोन कोमल स्वर गळ्यावर येतात. कोणती वाट बरी, याचे उत्तर वयावर अवलंबून आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला मी भूपच देईन. मोठ्या वयात शिकू लागलेल्याला भैरवाचा ऋषभ लवकर ऐकवावा, कारण शुद्ध स्वरांच्या सवयीत तो आधीच अडकलेला असतो.

आपल्याकडे लिपीचा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली आणि स्वतःची स्वरलेखन पद्धत वापरली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये मुंबईत. वर्गात एका वेळी अनेकांना शिकवायचे, तर फळ्यावर लिहिता येईल अशी लिपी हवीच होती. विष्णु नारायण भातखंडे वकील. त्यांनी देशभर फिरून, उस्तादांकडून मिळवून हजाराहून अधिक बंदिशी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. त्या छापल्या नसत्या तर त्यांतल्या कितीतरी आज कुणाला ठाऊकही नसत्या. हे ऋण मोठे आहे आणि लिपीवर टीका करताना ते विसरता कामा नये.

पण दोघांच्या लिप्या वेगळ्या, आणि विद्यार्थ्याचा गोंधळ इथून सुरू होतो. भातखंडे पद्धतीत स्वरावर बिंदू म्हणजे तार सप्तक आणि स्वराखाली बिंदू म्हणजे मंद्र. पलुसकर पद्धतीत वरचा बिंदू मंद्राचा, आणि तारासाठी वर उभी रेघ. कोमल स्वराला एकीकडे अधोरेषा, दुसरीकडे हलन्ताची खूण. सम एकीकडे गुणिलेच्या चिन्हाने, दुसरीकडे १ या आकड्याने. एका लिपीत मुरलेल्या मुलाने दुसऱ्या लिपीतले पुस्तक उघडले की मंद्राचा निषाद त्याला तारात दिसतो. आता व्यवहारात भातखंड्यांची लिपी बरीच पसरली आहे आणि नव्या विद्यार्थ्याने तीच धरावी. दुसरी नंतर आठवडाभरात वाचायला येते.

लिपीची खरी मर्यादा चिन्हांत नाही. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच. कागदावर दोघांचे आरोह-अवरोह जवळजवळ सारखे दिसतात. पण भूप गंधाराशी विसावतो आणि देशकार धैवताला धरून वरच्या अंगाने चालतो. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे सहा स्वर एकच. मारव्यात ऋषभ-धैवत ठासून येतात, पूरिया गंधार-निषादावर मंद्राकडे झुकतो, सोहनी तार सप्तकात चमकते. दरबारीचा गंधार तर ‘ग’ आणि त्याखाली रेघ एवढ्या खुणेत कधीच बसणार नाही. तो आंदोलित आहे, नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरता आहे, आणि त्यावर कसे जायचे व तिथून कसे निघायचे हे गुरूच्या गळ्यातूनच कळते. म्हणून अनेक बुजुर्ग गवयांनी नोटेशनकडे संशयाने पाहिले, आणि त्यांचा संशय खरा होता. पण त्यातून काढला गेलेला निष्कर्ष, की म्हणून लिपी शिकूच नये, तो चुकला. सांगाडा दिसणे आणि त्यावर अंग चढवता येणे या दोन्ही गोष्टी शिकाव्या लागतात, आणि ज्याला सांगाडाच दिसत नाही त्याला गुरूने नेमके काय वेगळे केले हेही कळत नाही.

आता पेटीबद्दल, कारण माझ्या मते आजच्या विद्यार्थ्याचा कान अडतो तो इथे. नाट्यसंगीताने पेटी महाराष्ट्रात घराघरांत नेली, आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हातात तिने गाण्याला खरी साथ दिली. वाद्याशी वैर नाही. पण पेटीचे स्वर समान अंतराने वाटलेले असतात. तिचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर आहे (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), आणि तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर. चौदा सेंटांचा हा फरक सुरुवातीला ऐकू येत नाही. वर्षभर नीट जुळलेल्या तंबोऱ्यावर गायल्यावर तो टोचू लागतो. धैवतात तो सोळा सेंटांचा आहे. पंचम जवळजवळ जुळतो, म्हणून पेटीवर सा-प गाणारा स्वतःला सुरात समजतो. साताऱ्या-सांगलीकडे हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी गंभीरपणे घेतला गेला होता. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींवर १९१० मध्ये पुस्तक लिहिले, इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी त्या मोजमापांवर श्रुती-पेटी करून घेतली, आणि या कामात किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांच्या कानाची मदत झाली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत त्यावर वादही झाले. ऑल इंडिया रेडिओने तर १९४० मध्ये पेटीवर बंदीच घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली.

बंदी हा उपाय नव्हता. अडचण वाद्यात नाही, ते केव्हा वाजते यात आहे. क्लासमध्ये शिक्षक पेटीवर पलटा वाजवतात आणि मुले त्याच क्षणी गातात. घरी मूल स्वतः बोट ठेवते आणि मग स्वर लावते. दोन्ही वेळा स्वर आधी बाहेरून येतो, मनात तो घडावा लागत नाही. असे पाच वर्षे चालले की गळा चपळ होतो, पलटे झपाझप निघतात, आणि कान मात्र पहिल्या महिन्यात होता तिथेच राहतो. त्यासाठी एकच नियम पुरे आहे: आधी गावे, मग पेटीवर तपासावे.

त्याआधी तंबोरा. मिरजेच्या तंबोऱ्यांना आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तिथले कारागीर जवारी काढतात तेव्हा तेही कानानेच. विद्यार्थ्याला तंबोरा जुळवायला शिकवणे हे मला कानाच्या तयारीचे सर्वांत चांगले आणि सर्वांत दुर्लक्षित शिक्षण वाटते. जोडीच्या दोन तारा जवळ आल्या की आवाजात एक लहर उठते. एक तार २४० कंपनांवर आणि दुसरी २४२ वर असेल तर सेकंदाला दोन लहरी. खुंटी आणि मणी फिरवत ती लहर मंद करत न्यायची आणि शेवटी थांबवायची. ज्याने हे स्वतः केले आहे त्याला कणसूर म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही, आपला गळा कणसूर झाला की ती लहर त्याला आतूनच जाणवते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा १९७९ पासून आहे, आता तो मोबाइलमध्येही आला आहे, आणि प्रवासात किंवा वसतिगृहात त्याला पर्याय नाही. पण तो जुळवूनच हातात येतो, त्यामुळे हा धडा त्यातून मिळत नाही. पडद्यावर काटा हलवून सूर बरोबर की चूक सांगणारी अॅप्सही डोळ्यालाच शिकवतात. महिन्यातून एकदा परीक्षेसारखी वापरावीत, रोज नको.

आधार बसला की स्वर ओळखण्याचे काम. पाश्चात्त्य पद्धतीच्या अनेक पुस्तकांत आणि अॅप्समध्ये दोन स्वर वाजतात आणि त्यांतले अंतर ओळखायचे असते. यात एक गोष्ट निसटते. सा-म, रे-प आणि ग-ध ही तिन्ही अंतरे मापाने सारखीच, पण तंबोरा वाजत असताना तिन्हींचा अनुभव पूर्ण वेगळा असतो. आपल्या संगीतात आणि खरे तर बहुतेक संगीतात स्वराची ओळख मागच्या स्वराशी असलेल्या अंतराने होत नाही, षड्जाशी असलेल्या नात्याने होते. म्हणून तंबोऱ्यावर एकेका स्वरावर थांबावे. सा लावून थेट ध, सा लावून थेट नी, मधले स्वर न घेता. ज्यांना हे जमत नाही ते मनातल्या मनात सा रे ग म प चढून जातात. सुरुवातीला चालेल, पण ती शिडी लवकर काढून घ्यावी.

चुकाही ठरावीक होतात. ध ला रे आणि नी ला ग समजणे फार सामान्य आहे, आणि त्यात मूल मंद असते असे नाही. बिलावलात सा रे ग म आणि प ध नी सां हे दोन गट एकाच मापाचे आहेत, षड्ज-पंचम भावाने बांधलेले. कानाने आधार पंचमाकडे सरकवला की ध हा रे वाटणारच. अशा वेळी ‘चूक’ म्हणून पुढे जाण्यापेक्षा स्वर लांबवत खाली सा पर्यंत आणावा. दोन-तीनदा असे केले की कान स्वतः जागेवर येतो.

आणि पलटे. सारेग, रेगम, गमप हा क्रम हजार वेळा गायला की तो गळ्याच्या स्नायूंत जातो आणि मन दुसरीकडे भटकू लागते. म्हणून मेरुखंड. सा रे ग प हे चारच स्वर घ्यावेत आणि त्यांच्या चोवीस मांडण्या कागद न पाहता क्रमाने गाव्यात. गसापरे, पगसारे अशा मांडण्यांत पुढचा स्वर कुठला ते आधी ऐकावेच लागते, स्नायू मदतीला येत नाहीत. अमीर खाँसारखे पाच हजार चाळीस कुणी करायला सांगत नाही. चोवीस केले तरी महिन्याभरात फरक कळतो.

ऐकून लिहिणे आपल्या वर्गांत जवळजवळ होत नाही, याची मला सर्वांत जास्त खंत वाटते. परीक्षेच्या लेखी भागात बंदिशीचे नोटेशन लिहायला सांगतात, पण ती बंदिश पाठ केलेली असते आणि बऱ्याचदा नोटेशनही. ती स्मरणाची परीक्षा झाली. अमेरिकेतले शिक्षक गॅरी कार्पिन्स्की यांनी ऐकून लिहिण्याच्या क्रियेचे चार टप्पे मांडले आहेत: ऐकणे, थोडा वेळ लक्षात ठेवणे, समजणे आणि लिहिणे. विद्यार्थी अडतो तो बहुधा दुसऱ्या टप्प्यावर, आणि शिक्षक मात्र चौथा तपासतात. पेन्सिल लगेच उचलली की ऐकलेले निम्मे उडून जाते. आधी तुकडा आकारात परत गावा, नुसता ‘आ’ करून, स्वरनावांशिवाय. तो अचूक आला तर स्मरण ठीक आहे. मग सा शोधावा, मग तुकडा कुठे विसावला तो न्यासाचा स्वर, मग ताल व सम, आणि मधले स्वर सर्वांत शेवटी. यासाठी जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांइतके चांगले साहित्य नाही. तीन-सव्वातीन मिनिटांत अब्दुल करीम खाँ संपूर्ण राग उभा करतात, आणि त्यांच्या सरगमी तर स्वतःच उत्तरपत्रिका आहेत. डॉ. प्रभा अत्रे यांनी किराण्याच्या याच वाटेने पुढे जात सरगमीचा प्रबंधासाठी अभ्यास केला आणि मैफलीतही ती मानाने मांडली.

नकलेचा कान आणि समजणारा कान यांतला फरक कुमार गंधर्वांच्या बालपणात स्पष्ट दिसतो. लहानग्या शिवपुत्र कोमकलींनी (हे कुमारांचे मूळ नाव) मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गायल्या आणि लोक थक्क झाले. पण पद्धतशीर तालीम सुरू झाली ती १९३० च्या दशकात मुंबईत, प्रा. बी. आर. देवधरांच्या शाळेत. देवधर पलुसकरांचे शिष्य, आणि पाश्चात्त्य संगीतही शिकलेले. तोच मुलगा पुढे आपल्या बंदिशी ‘अनूपरागविलास’ या पुस्तकात १९६५ मध्ये स्वरलिपीसह छापतो. इतका विलक्षण कान असलेल्या गायकाला लिपीची अडचण वाटली नाही, हे नोटेशनवर नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

पाहून गाण्याची वाट याच्या उलट दिशेने जाते, पण साधने तीच. आधी लय वेगळी काढावी. तबल्याचा विद्यार्थी बोल आधी हातावर ताल देत म्हणतो आणि मग वाजवतो. पढंतीची ही सवय गायकांनी उचलायला हवी. नोटेशन समोर ठेवून, स्वर न लावता, नुसती अक्षरे तालात म्हणावीत. अर्ध्या आणि पाव मात्रांचे तुकडे इथेच सुटतात. मग नजर फिरवून सर्वांत खालचा व वरचा स्वर, कोमल-तीव्र आणि सम कुठे आहे ते पाहावे. मग सा लावून गावे आणि चुकले तरी थांबू नये. थांबून दुरुस्त करणाऱ्याची नजर गात असलेल्या स्वरावरच खिळून राहते. सराईत वाचणाऱ्याची नजर गळ्याच्या काही स्वर पुढे असते आणि तुकड्याच्या शेवटाशी जाऊन थांबते.

साहित्य हवे तितके आहे आणि ते पुस्तकात पडून आहे. भातखंड्यांच्या क्रमिकातल्या सरगमगीतांत उच्चार आणि स्वर एकच असतात, म्हणून ती प्रथम घ्यावीत. नंतर लक्षणगीते. तिथे शब्द वेगळे आणि स्वर वेगळे, त्यामुळे स्वर मनात आणि शब्द तोंडात ठेवावे लागतात. विलंबित ख्यालाचे नोटेशन या कामाला घेऊ नये, त्याचा फायदा होत नाही. एक आवर्तन मोठ्याने, दुसरे पूर्ण मौनात फक्त हातावर ताल, आणि समेवर पुन्हा आवाज काढून तंबोऱ्याशी ताडून पाहणे हा सराव मला सर्वांत खरा वाटतो. मौनातून बाहेर येताना सूर जागेवर असेल तर स्वर मनात ऐकू येत होता. कोदाईंच्या शाळांतही ओळखीचे गाणे मधेच मनात गाण्याचा हा प्रकार आहे. त्याहून जुना जर्मन संगीतकार शूमान. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याने तरुण संगीतकारांसाठी लिहिलेल्या सूचनांत पहिले स्थान कानाच्या तयारीला दिले आणि पियानोची मदत न घेता पाहून गाण्याचा आग्रह धरला. आपल्या पेटीला तोच आग्रह लागू होतो.

गोव्यात पाहून गाण्याची परंपरा जिवंत होती ती चर्चमुळे. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चच्या शाळांत मेस्त्र, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांकडून आधी सोल्फेजो, म्हणजे स्वरनावांनी पाहून गाणे, घोटून घेत आणि मगच हातात व्हायोलिन देत. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच मुशीतले, त्यांचे वडील चर्चचे गायनमास्तर. मुंबईत त्यांनी प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन यांना शिकवले, आणि रागांवर आधारलेल्या रचनांसाठी १९५० च्या दशकाअखेर मोठा वाद्यवृंद उभा केला. स्टुडिओतल्या त्या दोन बाजूंच्या मधे उभे राहण्याची त्यांची धडपड होती. आज पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी दोन्ही विभाग आहेत. ब्रिटनच्या अॅसोसिएटेड बोर्डच्या प्रॅक्टिकल श्रेणी परीक्षा देणाऱ्या मुलांना कानाच्या कसोट्या द्याव्या लागतात, आणि चौथ्या श्रेणीपासून पाहून गावे लागते. हिंदुस्थानी शिकणाऱ्याने पाच रेघांची लिपी शिकावी का? चित्रपट, जाहिराती, वाद्यवृंद किंवा समूहगान यांत जायचे असेल तर अवश्य, आणि चल सा धरून शिकावी, म्हणजे कुठल्याही रेघेवर सा ठेवता येतो. फक्त मैफलीचे गाणे करायचे असेल तर भातखंड्यांची लिपी उत्तम वाचता आली तरी पुरे.

जन्मजात परिपूर्ण स्वरज्ञान, म्हणजे कुठलाही आवाज ऐकून तो कोणत्या पट्टीचा ते सांगता येणे, फार थोड्यांना असते आणि पालक त्याबद्दल उगाच काळजी करतात. चल सा असलेल्या संगीतात ते असण्याने मोठा लाभ होत नाही. तंबोऱ्याशी नाते जोडणारा कान सरावाने येतो, चाळिशीत शिकू लागलेल्यालाही येतो. लहान वयात तो लवकर येतो, एवढाच फरक.

वर्गात हे बसवायला वेगळा तास लागत नाही. दहा मुले आणि एक पेटी असलेल्या शिक्षकाने पहिली दहा मिनिटे पेटी बंद ठेवून तंबोऱ्यावर चार स्वरांच्या मांडण्या घ्याव्यात, एका मुलाने गाऊन दुसऱ्याने ओळखाव्यात. प्रवेशिकेपासून प्रत्येक परीक्षेत प्रत्यक्ष भागाला दोन छोट्या कसोट्या असाव्यात: सोळा मात्रांचे न पाहिलेले सरगमगीत विद्यार्थ्याने तंबोऱ्यावर वाचून गायचे, आणि परीक्षकाने गायलेला तेवढाच तुकडा ऐकून लिहायचा. प्रवेशिकेला भूपात, मध्यमेला कोमल स्वरांसह, विशारदला भूप की देशकार हे ओळखण्यासह. दोन्ही मिळून दहा मिनिटे लागतील. ती दहा मिनिटे परीक्षेत आली की क्लासमध्येही येतील, कारण क्लास परीक्षेच्याच मागे चालतात.